रंध्याचा फोटो काढला की लोखंड एकतर पांढरं फटक नाहीतर काळं ठिक्कर, त्याचं काय करायचं

गेल्या महिनाभरात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. प्रॉब्लेम असा की जुना लोखंडी रंधा मेहनतीने साफ केला, तळ घासून सपाट केला, पात्याला धार लावली, आता चार हौशी लोकांना दाखवायचाय, आणि फोटोत तो रंधा रंध्यासारखा दिसतच नाही. तळ काळा पडतो, लिव्हर कॅपवर (पातं दाबून धरणारी वरची पट्टी) पांढरा डाग, पितळेचा नट म्हणजे नुसता पिवळा ठिपका, आणि मागची लाकडी मूठ लालभडक. दहा फोटो काढा, दहाही वेगवेगळ्या पद्धतीने फसतात, मग माणूस वैतागून म्हणतो की फोन बदलायला पाहिजे. फोन बदलू नका, दोष फोनचा नाहीये (निदान बराचसा नाहीये).

माझ्याकडचा रंधा म्हणजे स्टॅनली ह्या अमेरिकन कंपनीचा नंबर चार, पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी गंजलेल्या पान्यांच्या ढिगाखाली सापडलेला. घरी आणून रॉकेलने धुतल्यावर फ्रॉगच्या (पातं ज्यावर टेकतं तो तिरपा तुकडा) मागे ओतीव अक्षरांत पेटंटच्या तीन तारखा दिसल्या, २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. ज्यांना हा नाद आहे त्यांना लगेच कळेल, तीन तारखा आणि पुढची मूठ बुटकी म्हणजे टाइप ११ (जुन्या स्टॅनलींचा काळ ओळखायला हौशी लोकांनी पाडलेले हे क्रमांक), साधारण १९१० ते १९१८ मधला. माझ्या पणजोबांच्या वयाची वस्तू. आता असं काही हाताला लागल्यावर ते कोणाला दाखवल्याशिवाय राहवतं का?

तर पहिला फोटो टाकला ग्रुपवर, रविवार दुपार, डायनिंग टेबलवर ठेवून, वरून ट्यूबलाइट. पहिलाच रिप्लाय आला, "रंधा झकास, पण बनियन कुठल्या कंपनीची?" लिव्हर कॅप मी घासून आरशासारखी केली होती आणि त्या आरशात मी, माझी बनियन आणि डोक्यावरच्या सिलिंग फॅनची तिन्ही पाती इतकी स्वच्छ आली होती की रंध्यापेक्षा तेच जास्त शार्प.

त्या दिवशी हसलो, पण खरं उत्तर त्या बनियनमध्येच होतं. घासलेल्या लोखंडाला स्वतःचा असा रंग नसतोच फारसा, ते समोर जे असेल ते दाखवतं. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा बघा, खिडकीकडची बाजू पांढरी, आतल्या बाजूला काळपट, मध्ये तुमचं लांबुळकं तोंड, आणि डबा तर एकच आहे. रंध्याचा तळ पण तसाच. अंधाऱ्या खोलीत ठेवलात तर तो अंधारी खोली दाखवणार, म्हणजे काळा. ट्यूबलाइट ज्या कोनातून पडते बरोब्बर त्याच कोनात उलट्या बाजूला फोन धरलात तर ट्यूबलाइटच दिसणार, म्हणजे पांढरा फटक. आपण लाइट वाढवत बसतो, फ्लॅश मारतो, त्याने काहीही होत नाही कारण प्रश्न लाइट किती आहे हा नाहीचे, लोखंडाला समोर काय दिसतंय हा आहे.

म्हणून आधी हे करा. फोन जिथे धरणार आहात तिथे स्वतःचा डोळा न्या, एक डोळा मिटून रंध्याच्या तळाकडे बघा आणि स्वतःला विचारा की ह्यात मला काय दिसतंय. छत दिसतंय का, कपाट दिसतंय का, पडदा दिसतोय का. जे दिसतंय त्याच्या जागी पांढरं काहीतरी आणून ठेवायचं, बास. स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलची शीट मिळते ती, नाहीतर मोठा ड्रॉइंग पेपर, नाहीतर आजोबांचं जुनं धोतर खुर्चीवर टाकलेलं पण चालतं, मी दोन वर्षं धोतरावरच काम भागवलंय. थर्माकोल हातात धरून हळूहळू सरकवत राहा, एका ठिकाणी आला की तळ एकदम उजळतो, जणू बटण दाबलं, तीच जागा. तिथे पुस्तकांचा टेकू लावून उभं करा आणि मग फोन हलवू नका, कारण फोन चार इंच हलला की सगळा हिशोब बदलला.

आता एवढं केल्यावर बऱ्याच जणांचं पुढचं रडगाणं असं की "तळ पांढरा आला पण सपाट कागद चिकटवल्यासारखा दिसतोय, लोखंड वाटत नाही". हो, कारण तुम्ही पूर्ण पांढरं भरून टाकलंत. लोखंड लोखंडासारखं दिसायला उजेड एका टोकाकडून दुसरीकडे उतरत जायला लागतो. थर्माकोल थोडं मागे ओढा म्हणजे तळाचा साधारण एक तृतीयांश भाग त्याच्याबाहेर राहील, तिथे उजेड हळूहळू मावळतो आणि तीच चमक खरी वाटते. आणि कडा उठून दिसत नसतील तर काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून फोटोच्या चौकटीबाहेर रंध्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या करा, त्या पट्ट्यांची काळी रेघ बरोबर कडेवर उमटते आणि बॅकग्राउंड पांढरं असलं तरी रंधा त्यात विरघळत नाही. ही काळ्या पट्टीची युक्ती मला फार उशिरा कळली, त्याआधी कडा दिसाव्यात म्हणून मी फोटो एडिट करून करून त्याची पार वाट लावायचो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो कारण कोणीतरी विचारणारच, पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून चालेल का. काळ्या जपानिंगवरची म्हणजे त्या भट्टीत भाजलेल्या डांबरी वार्निशवरची चमक आणि मुठीच्या पॉलिशवरची चमक पोलरायझरने बऱ्यापैकी मरते, फिल्टर नसेल तर पोलरॉइड गॉगल फोनसमोर धरून फिरवून बघा. पण उघड्या लोखंडावरची चमक त्याने जात नाही, कितीही फिरवा. माझे पैसे वाया गेलेत, तुमचे वाचवा.

लाइट कुठला वापरायचा, तर खिडकी. उत्तरेकडची असेल तर नशीबवान, नसेल तर ऊन थेट येत नसेल अशी वेळ बघा, मला सकाळी नऊच्या सुमाराचा गॅलरीतला उजेड सगळ्यात आवडतो आणि पावसाळी ढगाळ दिवस तर सोन्यासारखे (फोटोसाठी, लोखंडासाठी नाही, त्यावर येतो पुढे). घरातले दिवे बंद करा, सगळे. मूठ लालभडक येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, खिडकीचा निळसर उजेड एका बाजूने, पिवळा बल्ब दुसऱ्या बाजूने, फोन बिचारा गोंधळतो आणि मधलाच काहीतरी रंग देतो. जुन्या स्टॅनलीची मूठ असते ब्राझीलच्या रोजवुडची, आपल्या शिसवीचीच चुलत बहीण म्हणा, गडद चॉकलेटी अंगात काळ्या रेघा, तो रंग एकाच प्रकारच्या उजेडात येतो. शेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो काढून ठेवा, नंतर एडिटमध्ये तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सरकवला की मूठ आपोआप जागेवर येते. फिल्टर मात्र लावू नका, ते विविड का काय असतं त्याने शिसवीचा पार गुलाबजाम होतो.

रात्रीच वेळ मिळतो म्हणणाऱ्यांसाठी, ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे काळपट पट्टे येतात ना, ते पण फोन बिघडल्याचं लक्षण नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, स्वस्त एलईडी पण तसंच करतात. शटर फार वेगात उघडमीट झालं की त्यातला एखादाच तुकडा सापडतो म्हणून पट्टे. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे गायब. हात हलेल म्हणून फोन कशाला तरी टेकवा, आणि बटण दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावा.

बॅकग्राउंडवरून एक. पांढऱ्या धोतरावर ठेवला की रंधा काळवंडतो आणि काळ्या कापडावर ठेवला की पांढरा पडतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. फोन समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं करायला बघतो, पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतो, काळं जास्त दिसलं की वाढवतो. स्क्रीनवर लोखंडावर बोट ठेवून दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग ते सूर्याचं चिन्ह वरखाली सरकवा. माझं मत विचाराल तर पांढरं-काळं दोन्ही सोडा आणि सागाची रापलेली फळी नाहीतर गोणपाट घ्या. त्यावर लोखंड पण खुलतं आणि मूठ पण, आणि रंधा कामाची वस्तू वाटते, सराफाच्या दुकानातली अंगठी नाही.

पुढची मूठ भोपळ्याएवढी आणि मागची सुपारीएवढी येते, तळ केळ्यासारखा वाकलेला दिसतो, ही तक्रार पण कॉमन आहे. तुम्ही फार जवळ जाताय. नंबर चार जेमतेम नऊ-साडेनऊ इंच लांब, फोनची मेन लेन्स रुंद नजरेची, वीतभर अंतरावरून काढलं की जवळचं फुगणारच. तीन फूट मागे या आणि टू एक्स झूम करा, नाहीतर झूम न करता काढून नंतर क्रॉप करा. ह्या एका गोष्टीने अर्धे फोटो सुधारतात आणि नेमकी हीच कोणी करत नाही कारण जवळ गेलं की बारकावा दिसेल असं वाटतं. शिवाय फार जवळ गेलात की कित्येक फोन न विचारता अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात, ते फुलाचं चिन्ह दिसतं तेव्हा, ते बंद करा.

आता अक्षरं. ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय म्हणून जरा सविस्तर. टाइप ओळखायला लोक तारखा मागतात, पात्यावरचा व्ही-च्या आकाराचा शिक्का मागतात, आणि फोटोत नेमकं तेच येत नाही. तारखा असतात फ्रॉग आणि मागची मूठ यांच्या मधल्या खोबणीत, तिथे उजेड पोचत नाही, आणि वरून टॉर्च मारला तर काळं जपानिंग चमकून अक्षरं सपाट होतात. इथे थर्माकोल विसरा, इथे उलटं करायचं. खोली अंधारी करा, फोन वरून सरळ खाली बघणारा ठेवा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च जवळजवळ आडवा झोपवून लांबून मारा, जमिनीवरची मुंगी शोधताना मारतो तसा. प्रत्येक अक्षराला सावली पडते आणि तारीख ताडकन उठून येते. टॉर्च फोटोच्या वरच्या बाजूने येऊ द्या, डावीकडून वर असेल तर उत्तम. खालून मारलात तर गंमत होते, खोल कोरलेलं अक्षर फुगलेलं वाटतं आणि फुगलेलं खोल, कारण आपल्या डोक्याला उजेड वरूनच येतो असं गृहीत धरायची सवय आहे. माझा पात्यावरच्या शिक्क्याचा एक फोटो बघून एकाने "हा शिक्का उठावाचा आहे, म्हणजे पातं नकली" असा निकाल दिला होता, फोटो उलटा फिरवून पुन्हा पाठवला तर म्हणे "हां, आता बरोबर आहे".

तरीही वाचता येत नसेल तर फळ्यावरचा पांढरा खडू अक्षरांवर हलक्या हाताने फिरवून वरवर बोटाने पुसायचा. रांगोळी वापरू नका. मी वापरली होती, दिवाळीतली उरलेली समोर दिसली म्हणून, आणि रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड, पात्यावर जिथे चोळली तिथे बारीक ओरखड्यांचं जाळं झालं ते आजही शिक्क्याच्या खाली दिसतं. खडू पण काम झाल्या झाल्या पुसून तेलाचं बोट लावायचं कारण तो ओल धरून ठेवतो.

तेलावरून आठवलं, फोटो काढायच्या आधी तेल पूर्ण पुसायचं. तेलाचा थर राहिला की तळावर ढगासारखे डाग येतात आणि ते गंजाचे आहेत की तेलाचे हे फोटोतून कळत नाही, उगाच चर्चा होते. आणि पुसलेल्या लोखंडाला उघडं बोट लावायचं नाही. मागच्या जुलैत फोटो सेशन करून रंधा तसाच टेबलवर ठेवून जेवायला बसलो, मग झोपलो, सकाळी तळावर माझ्या अंगठ्याचा ठसा तांबूस रंगात छापलेला, रेषा न् रेषा मोजता येतील असा. तो घालवायला ४०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसावं लागलं. सुती फडक्याने धरा आणि झालं की लगेच शिलाई मशीनचं तेल फिरवा. खोबरेल लावणारे आहेत, पण ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं, मला नाही आवडत.

पॉलिश पेपरवर तळ घासला असेल तर त्याच्या लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. उजेड आडव्या बाजूने आला की त्या सगळ्या पेटतात आणि तळ शेतासारखा नांगरलेला दिसतो, उजेड पुढच्या किंवा मागच्या टोकाकडून रेघांच्या दिशेनेच आला की त्या दबतात. म्हणजे तोच तळ तुम्ही गुळगुळीत पण दाखवू शकता आणि खरबरीत पण. आणि इथे मला थोडं बोलायचंय. काही वर्षांपूर्वी मी फोटो बघून एक रंधा मागवला होता, कोणाकडून ते सोडा, फोटो अप्रतिम होते, मऊ उजेड, एकही सावली नाही. हातात आल्यावर नखाने टकटक केलं तर खणखणीत वाजायच्या ऐवजी बद्द वाजला, आणि तिरपा टॉर्च मारल्यावर तोंडाजवळ (तळातली पातं बाहेर येतं ती फट) बाजूच्या भिंतीला केसाएवढी चीर. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, चीर म्हणजे संपलंच जवळजवळ. त्या मऊ उजेडात ती दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून मी आता प्रत्येक रंध्याचे दोन फोटो टाकतो, एक थर्माकोलवाला देखणा, आणि एक तिरप्या टॉर्चवाला ज्यात सगळे खड्डे, ओरखडे, मुठीचं तुटलेलं वरचं टोक सगळं येतं. मागच्या मुठीचं ते टोक शंभरातल्या कित्येक रंध्यांचं तुटलेलं असतं, त्यात लाजायचं काय, उलट ज्याचं शाबूत आहे त्याच्याकडेच जरा संशयाने बघावं, मूठ नंतर बदललेली असू शकते.

तळ सपाट आहे हे दाखवायला लोक गुण्याची (सुताराच्या काटकोनाची) पट्टी तळावर उभी धरून मागून उजेड सोडतात आणि खालून किती फट दिसते त्याचा फोटो टाकतात. आयडिया बरोबर आहे पण फोटो फसवतो. मागचा उजेड जास्त असला की तो फटीतून सांडून पसरतो आणि मिलिमीटरच्या एकदोन शतांशाची फट सुद्धा दरीसारखी दिसते. सूर्याचं चिन्ह खाली ओढत न्या जोवर फट बारीक रेघ होत नाही. नाहीतर फोटो बघून घाबराल आणि चांगला तळ परत घासायला बसाल, मी बसलोय.

रंध्यातून निघालेली साल ठेवून फोटो काढायचा असेल तर ताजी घ्या. सागाची साल खिडकीसमोर धरली, उजेड मागून, की तिच्यातल्या शिरा दिसतात आणि पलीकडचं बोट पण दिसतं. जपानमध्ये केझुरोकाई म्हणून स्पर्धा-मेळावे होतात तिथे लोक १० मायक्रॉनपेक्षा बारीक साल काढतात, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो त्यावरून अंदाज करा. माझी तेवढी बारीक नाही येत, पण मागून उजेड असला की फोटोत येते.

पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढी मेहनत करून आणलेली तारीख चोळामोळा होऊन पोचते.

राहिला पितळेचा नट, पात्याची खोली कमीजास्त करायचा तो. टाइप ११ मधला लहान असतो, इंचभराचा, आणि तो गोल असल्यामुळे त्याला थर्माकोलची युक्ती चालत नाही, गोल वस्तूला एका वेळी अख्खी खोली दिसते, छत, खिडकी, तुम्ही, सगळं. चारी बाजूंनी बटर पेपरचा तंबू करून फोनपुरतं भोक ठेवलं तर जमतं, पण फोनचं ते काळं भोक नटावर बुबुळासारखं उमटतं आणि रंधा आपल्याकडे बघतोय असं वाटतं. मी शेवटी तो नट घासायचंच सोडून दिलं. काळपट पडलेलं पितळ काही परत फेकत नाही, फोटोत छान मऊ येतं, आणि जाणकार लोकांना पण जुन्या वस्तूवरचं पितळ फार चमकवलेलं आवडत नाहीच. आई मात्र दर वेळी तो नट बघून म्हणते, "अरे एवढा काळा कसा ठेवलायस, इकडे दे, समयांबरोबर चिंच लावून काढते." दोनदा तिच्या हातातून परत घेतलाय.